बंद खिडकी आणि निळा दिवा



गेल्या पावसाळ्यात आमच्या हातून एक चूक झाली. चूक लहान होती, पण तिची शिक्षा आम्हाला नाही, दुसऱ्यांना झाली. तशीच चूक आणखी कुणाच्या घरी होऊ नये म्हणून ती या पानावर सांगायची ठरवली आहे.

आमच्या खालाजान मुंब्र्याला राहतात. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घरात खाला, त्यांचा मुलगा, सून, चार वर्षांची नात आणि लग्नाची धाकटी मुलगी. सुनेला तीन आठवडे खोकला होता. संध्याकाळी बारीक ताप यायचा, वजन उतरत चालले होते. आधी मेडिकलमधून खोकल्याचे औषध आणले, मग कुणी सांगितला म्हणून काढा झाला. शेवटी सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी केली आणि टीबी निघाला. गोळ्या त्याच आठवड्यात सुरू झाल्या, आणि त्या मोफत मिळाल्या. इथपर्यंत सगळे ठीक झाले.

पण खाला घाबरल्या. त्यांनी दोन गोष्टी लगेच केल्या. पहिली, सुनेचे ताट, पेला आणि चमचा वेगळा केला. दुसरी, बाहेरच्या गॅलरीकडे उघडणारी खिडकी बंद केली. मागची खिडकी पावसामुळे आधीच बंद होती. आम्ही फोनवर विचारले, "खिडकी का बंद केली?" तर म्हणाल्या, "बेटा, खोकल्याचा आवाज गॅलरीत जातो. धाकटीच्या रिश्त्याचं बोलणं चालू आहे. घरात टीबी आहे असं कळलं तर कोण येणार?"

दोन दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. "भाईजान, मोबाइलवर एक दिवा बघितला. अतिनील किरणांचा, यूव्ही. खोलीतल्या हवेतले ९९ टक्के जंतू मारतो म्हणतात. साडेतीन हजार रुपये. घेऊ का?" आम्ही कुठेतरी वाचले होते की दवाखान्यांत असे दिवे असतात. पुढचा-मागचा विचार न करता सांगून टाकले, "घे. हॉस्पिटलात वापरतात म्हणजे चांगलाच असणार."

हीच आमची चूक.

दिवा आला. वरून जाळी, आत निळसर उजेडाची उघडी नळी. रात्री इशाच्या नमाजनंतर तो सुनेच्या खोलीत लावला. सून, तिचा नवरा आणि खाला असे तिघे दोन-अडीच तास त्याच उजेडात बसले. आता हवा साफ झाली, या समाधानाने खाला आठवड्यानंतर पहिल्यांदा सुनेजवळ बसल्या होत्या. नात दुसऱ्या खोलीत झोपली होती, अल्हम्दुलिल्लाह.

मध्यरात्री तिघांचेही डोळे पेटले. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचणे, पाणी, उजेड सहन होईना. तोंडावरची कातडी लाल झाली. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठे वेल्डिंग बघत उभे होतात का?" वेल्डिंगच्या ठिणगीकडे चष्मा न लावता पाहिले तर जे होते, तेच या दिव्याने झाले होते. औषधाने दोन दिवसांत डोळे बरे झाले. नंतर दिव्याचे खोके उघडून पाहिले, तर आतल्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिले होते: खोलीत माणसे किंवा जनावरे नसतानाच वापरावा.

तो कागद आमच्यापैकी कुणीच वाचला नव्हता. म्हणून या महिन्यात हा कागद, म्हणजे या दिव्याची खरी हकीकत, आपण सगळे मिळून वाचू.

हा दिवा करतो काय?

आपल्यापैकी अनेकांच्या घरी पाण्याचा आरओ-यूव्ही फिल्टर आहे. त्यातला यूव्ही म्हणजे हाच दिवा. उन्हातही अतिनील किरण असतात, पण जंतू मारण्यात सर्वांत तेज असलेला त्यांचा जो भाग, ज्याला यूव्ही-सी म्हणतात, तो उन्हातून आपल्यापर्यंत येत नाही. वर आकाशातला ओझोनचा थर तो अडवतो. म्हणून तो दिव्यातून तयार करावा लागतो. नेहमीच्या जंतुनाशक नळीत थोडा पारा असतो आणि तिच्यातून २५४ नॅनोमीटर लांबीचे किरण निघतात. साधी काच हे किरण अडवते, त्यामुळे नळी खास काचेची बनवावी लागते.

हे किरण जंतूच्या अंगात शिरतात आणि ज्या धाग्यावर त्याच्या वाढीचा सगळा हिशेब लिहिलेला असतो, तो धागा जागोजागी चिकटवून टाकतात. मग त्या जंतूला आपल्यासारखा दुसरा जंतू तयार करता येत नाही. टीबीचा जंतू असो, गोवराचा विषाणू असो की कोरोनाचा, पुरेसा उजेड पुरेसा वेळ मिळाला तर तो निकामी होतो. यात खोटे काही नाही. जाहिरातीतला दिवा जंतू मारतो, हे खरेच आहे.

पण आपल्या डोळ्यांचा पडदा आणि कातडीचा वरचा थरही जिवंत पेशींचाच आहे. किरण जंतू आणि माणूस यांत फरक करत नाहीत. पाण्याच्या फिल्टरमध्ये हा दिवा चारी बाजूंनी बंद नळकांड्यात असतो, म्हणून आपल्याला त्रास होत नाही. तोच दिवा उघडा करून खोलीत ठेवला की काय होते, ते खालांच्या घरी दिसले.

हवा फरशीसारखी नाही

डोळ्यांचे प्रकरण निस्तरल्यावर खालांच्या मुलाने विचारले, "मग खोली रिकामी करून तासभर दिवा लावला आणि नंतर आत गेलो तर?"

प्रश्न रास्त होता. आम्ही छातीच्या डॉक्टरांना विचारला. त्यांचे उत्तर आम्हाला फार मोलाचे वाटले. फरशी एकदा पुसली की काही वेळ स्वच्छ राहते. हवेचे तसे नाही. तुम्ही रिकाम्या खोलीतली हवा तासभर साफ केली, आणि आजारी माणूस आत येऊन दोनदा खोकला, की ती हवा पुन्हा पहिल्यासारखी झाली. धोका रिकाम्या खोलीत नसतोच. माणसे एकत्र बसलेली असतात तेव्हाच तो असतो. म्हणजे हवा साफ करण्याचे काम माणसे खोलीत असतानाच, सतत, चालू राहिले पाहिजे.

इथेच सगळी अडचण आहे. दिवा माणसे असताना चालला पाहिजे आणि त्याचा उजेड माणसांवर पडता कामा नये. या दोन्ही अटी एकाच वेळी कशा पाळायच्या, हे शोधायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला.

शाळा, गिनीपिग आणि लिमाचा दवाखाना

उजेडाने जंतूंची वाढ थांबते, हे इंग्लंडमध्ये डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी १८७७ साली दाखवले. पुढे डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांनी दिव्याच्या उजेडाने कातडीच्या टीबीवर उपचार केले. त्यासाठी त्यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हवेकडे लक्ष दिले ते अमेरिकेतल्या विल्यम वेल्स यांनी. खोकल्यातून उडणारे मोठे थेंब खाली पडतात, पण बारीक थेंब पडायच्या आधीच वाळतात आणि त्यांतले कण तासन्‌तास हवेत तरंगत राहतात, हे त्यांनी १९३४ मध्ये मांडले. मग त्यांनी फिलाडेल्फियाजवळच्या शाळांत एक युक्ती केली. दिवे डोक्याच्या वर, भिंतीला उंच लावले आणि त्यांचा उजेड फक्त छताकडे राहील अशी आडवी पट्टी खाली बसवली. खाली मुले नेहमीसारखी बसत. त्यांच्या श्वासाची उबदार हवा वर जाई, उजेडातून फिरे आणि साफ होऊन खाली येई. १९४१ साली तिथे गोवराची मोठी साथ आली. दिवे असलेल्या वर्गांत ती बरीच कमी पसरली.

पण गोष्ट इथे संपत नाही. नंतर न्यूयॉर्क राज्याच्या खेड्यांतल्या शाळांत हाच प्रयोग केला, तेव्हा तसा फायदा दिसला नाही. तिथली मुले रोज एकाच बसमधून शाळेत येत. वर्गात दिवा होता, बसमध्ये नव्हता. दिवा आपल्या खोलीपुरताच राखण करतो, ही त्याची हद्द तेव्हाच कळली.

टीबीचा पुरावा बाल्टिमोरच्या एका दवाखान्यात मिळाला. तिथे रिचर्ड रायली आणि सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात टीबीच्या रुग्णांच्या खोल्यांतली हवा नळाने वर नेऊन गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. रुग्णांना कधी न पाहिलेल्या, त्यांच्या ताटाला कधी न शिवलेल्या त्या प्राण्यांना टीबी झाला. ज्या पिंजऱ्यांची हवा वाटेत अतिनील दिव्यावरून नेली, तिथले प्राणी वाचले. टीबी भांड्यांतून नाही, श्वासाच्या हवेतून पसरतो, हे तेव्हा पक्के झाले.

हे वाचताना आम्हाला खालांचे ते वेगळे ताट आठवले. घरात ताटे दोन झाली होती, हवा मात्र सगळ्यांची एकच होती, आणि तीही खिडकी लावून कोंडलेली.

शेवटचा दाखला पेरू देशाच्या लिमा शहरातला, आणि तो आपल्या सगळ्यांत कामाचा आहे. तिथे डॉ. एस्कोंब आणि सहकाऱ्यांनी टीबीच्या एका वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या वेगवेगळ्या गटांना दिली. प्रत्येक गटात सुमारे ३०० प्राणी होते. साध्या हवेतल्या गटात १०० पैकी ३५ जणांना संसर्ग झाला. वॉर्डात छताजवळ अतिनील दिवे आणि हवा फिरवणारे पंखे चालू असलेल्या दिवसांची हवा ज्यांना दिली, त्यांच्यात हे प्रमाण १०० पैकी सुमारे साडेनऊ होते. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला.

पण त्याच शहरात, त्याच मंडळींनी, दोन वर्षे आधी खिडक्यांचाही हिशेब मांडला होता. आठ दवाखान्यांतल्या ७० खोल्या त्यांनी मोजल्या. खिडक्या-दारे उघडी असताना खोलीतली हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती. महागड्या यंत्रांनी हवा खेचणाऱ्या खोल्यांचा हिशेब १२ वेळांचा होता. खिडक्या बंद केल्या की हवा बदलणे अठरा पटींनी घटत होते. आणि पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारती नव्या इमारतींपेक्षा कितीतरी सरस ठरल्या: ४० विरुद्ध १७.

दिवा खरा आहे, आणि खिडकीही खरी आहे. फरक एवढाच की खिडकीला साडेतीन हजार रुपये पडत नाहीत आणि ती कुणाचे डोळे जाळत नाही.

घरात दिवा का बसत नाही?

वाचक म्हणतील, मग लिमासारखाच छताकडे उजेड टाकणारा दिवा घरात का लावू नये?

कारण त्याला वर मोकळी जागा लागते. असे दिवे जमिनीपासून किमान सात फूट उंचीवर लावतात आणि त्याच्यावर पुरेसे छत उरावे लागते. वरच्या भागात उजेड किती, खाली माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर किती गळतो, हे मीटरने मोजून मगच चालू करतात. पांढऱ्या चकचकीत छतावरूनही काही किरण परत खाली येऊ शकतात. आपल्या घरांत वर काय असते? पोटमाळा. मुंबई-ठाण्याच्या किती घरांत मुले माळ्यावर झोपतात, हे सांगायला नको. जी जागा दिव्यासाठी हवी, तिथेच आपली लेकरे झोपलेली असतात.

दुसरा प्रकार डब्याचा. दिवा बंद डब्यात असतो आणि छोटा पंखा खोलीतली हवा आत खेचतो. यात डोळ्यांना धोका नाही. पण हिशेब करून पाहा. दहा बाय बारा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली म्हणजे १०८० घनफूट हवा. डब्याचा पंखा मिनिटाला २० घनफूट हवा घेत असेल, तर खोलीभर हवा एकदा फिरवायलाच ५४ मिनिटे लागतील. टीबीच्या रुग्णाच्या खोलीत हवा तासाला १२ वेळा बदलावी, असे दवाखान्यांसाठी सांगतात. त्यासाठी मिनिटाला २०० घनफुटांहून जास्त हवा लागेल. "९९ टक्के जंतू मारतो" हे डब्यातून गेलेल्या हवेबद्दल खरे असू शकते. न गेलेल्या हवेचे काय, हे जाहिरात सांगत नाही. म्हणून डबा घ्यायचाच असेल तर टक्के विचारू नका. मिनिटाला किती हवा साफ होते, ते विचारा.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

अतिनील दिवा धूळ, धूर किंवा वास काढत नाही. जुमेरातीचा लोबान, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, फोडणीचा धूर, यांतले काहीही त्याने कमी होत नाही. लोबानाच्या सुगंधाने घर प्रसन्न होते, पण त्या धुराने टीबीचा जंतू मरत नाही आणि खोकणाऱ्याची छाती मात्र आणखी खवळते. घरात छातीचा रुग्ण असेल तोवर लोबानदाणी त्या खोलीपासून दूर ठेवावी.

काही दिव्यांतून ओझोन वायू निघतो. त्याला एक उग्र वास असतो, पावसात वीज चमकल्यावर येतो तसा. काही विक्रेते तो ताजेपणाचा वास म्हणून सांगतात. ओझोन श्वासाच्या नळ्यांना त्रास देतो, दमेकऱ्यांना तर फारच.

निळा किंवा जांभळा उजेड दिसला म्हणजे जंतू मरतातच असे नाही. खरे जंतुनाशक किरण डोळ्यांना दिसत नाहीत. नळी जुनी झाली की तिचा निळा उजेड तसाच दिसतो, पण जोर उतरलेला असतो. तिच्यावर धूळ बसली तरी किरण अडतात.

हात किंवा अंग निर्जंतुक करायला हा दिवा कधीही वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाच्या काळात स्पष्ट बजावले होते.

अलीकडे २२२ नॅनोमीटरचे नवे दिवे निघाले आहेत. ते कातडीच्या वरच्या मृत थरापलीकडे फारसे जात नाहीत, म्हणून माणसांमध्येही चालतील अशी आशा आहे. त्यांच्यावर अभ्यास चालू आहे. त्या नावाने कुणी स्वस्तात काही विकत असेल तर घाई करू नये.

मग हा दिवा कुणासाठी?

जिथे खूप माणसे बराच वेळ एकत्र असतात आणि खिडक्या उघडता येत नाहीत, तिथे हा दिवा आपले मोल दाखवतो. दवाखान्याची बाह्यरुग्णांची रांग, टीबीचा वॉर्ड, वसतिगृहाची मोठी खोली, वातानुकूलित सभागृह. आपल्या सरकारच्या २०१० सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही दवाखान्यांतल्या हवेतून होणारा संसर्ग रोखण्याच्या उपायांत या दिव्यांचा विचार आहे. पण आधी खेळती हवा, मग हे दिवे, असा क्रम आहे. कोरोनानंतर चंदीगडच्या सीएसआयओ या सरकारी संशोधन संस्थेने एसीच्या हवेच्या नळीत बसवायची अतिनील यंत्रणा तयार केली आणि ती संसद भवनातही बसवण्याचे ठरले. दिवा नळीच्या आत असल्याने माणसांच्या डोळ्यांचा प्रश्न येत नाही.

मशिदींच्या कमिटीवर असलेल्या आमच्या भावांना इथे एक विनंती. आपल्या जुन्या मशिदी आठवा. उंच छत, वर झरोके, जाळीच्या खिडक्या, समोर उघडे सहन. लिमाच्या त्या जुन्या दवाखान्यांसारखीच ती रचना होती. आता आपण सहनावर छत घालतो, जाळीला काच लावतो, एसी बसवतो आणि रमजानच्या तरावीहला शेकडो माणसे तास-दीड तास एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून तीच हवा घेतात. दिव्यासाठी चंदा जमवण्याआधी काचा उघडता येतात का, वर एक्झॉस्ट पंखे बसतात का, हे पाहावे. ते शक्य नसेल तरच अतिनील दिव्यांचा विचार करावा, आणि तोही जाणकार अभियंत्याकडून मोजमाप करून. दिवे पुसताना आणि छत रंगवताना बटण बंद हवे, हेही खादिमसाहेबांना नीट सांगून ठेवावे. मदरशाच्या वसतिगृहाला हेच लागू. तिथे दोन मजली पलंग असतील तर वरचा मुलगा थेट उजेडात येतो, हे विसरू नये.

खालांच्या घरी पुढे काय झाले

डॉक्टरांनी खालांना समोर बसवून सांगितले. औषध हाच सर्वांत मोठा उपाय. साध्या टीबीत गोळ्या नियमाने चालू झाल्या की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला संसर्ग होण्याचा धोका खूप कमी होतो. पण बरे वाटले म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, डॉक्टर सांगतील तोवर, म्हणजे बहुतेक वेळा सहा महिने, घ्यायच्याच. पहिले काही आठवडे सुनेने मास्क लावावा, खोकताना तोंड झाकावे, वेगळ्या खोलीत झोपावे. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवाव्यात. एका खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा लावावा आणि रुग्णाची जागा त्या पंख्याच्या बाजूला असावी, म्हणजे तिच्याकडची हवा घरभर न फिरता थेट बाहेर जाते. घरातल्या प्रत्येकाची तपासणी करावी. लहान मुलीला टीबी नाही याची खात्री झाली की तिला प्रतिबंधक औषध द्यावे. आणि ताट वेगळे करायची काही गरज नाही.

खालांनी बाकी सगळे मान्य केले. खिडकीवर गाडी अडली. "लोक काय म्हणतील?"

आम्ही त्यांना काही सुनावले नाही. आम्ही तरी कोणत्या तोंडाने सुनावणार? इतकेच म्हणालो, "खालाजान, लोकांना कळू नये म्हणून आपण घरातली घाण हवा घरातच जपून ठेवली. ती लोक घेत नाहीत. आपली नात घेते."

खाला बराच वेळ गप्प बसल्या. मग उठून त्यांनी स्वतःच गॅलरीकडची खिडकी उघडली. पावसाळ्यात लाकूड फुगले होते, दोन धक्के द्यावे लागले. समोरच्या शेजारणीने दुसऱ्या दिवशी विचारलेच, "दुल्हनला बरं नाही का?" खालांनी सांगितले, टीबी आहे, इलाज चालू आहे. शेजारीण म्हणाली, "माझ्या भावालाही झाला होता. आता रिक्षा चालवतो." एवढेच बोलणे झाले. बिल्डिंगभर बातमी झाली का? झाली. धाकटीच्या रिश्त्याचे अजून काही ठरलेले नाही. जे घर औषध घेऊन बऱ्या होत असलेल्या सुनेला घाबरते, ते घर धाकटीसाठी कसे, असा प्रश्न आता खालाच विचारतात.

नातीची तपासणी झाली. टीबी नाही, प्रतिबंधक औषध चालू आहे. सुनेचे वजन वाढू लागले आहे. निक्षय पोषण योजनेत टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत सकस आहारासाठी सरकारकडून महिन्याला १००० रुपये मिळतात. त्याची नोंद दवाखान्यातच झाली आणि पैसे तिच्या खात्यात आले. त्यातून अंडी आणि दूध येते. ताट पुन्हा सगळ्यांच्या दस्तरखानावर आले आहे.

तो दिवा कपाटावर खोक्यात पडून आहे. आतल्या नळीत पारा आहे, म्हणून तो कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, असे आम्ही सांगून ठेवले आहे. साडेतीन हजार गेले. पण आमच्या एका "घे"ने त्या छोट्या मुलीच्या डोळ्यांना काही झाले असते, तर त्याची भरपाई कशाने केली असती? ते वाक्य आठवले की अजूनही कसेतरी होते.

आमच्या बहिणींना आणि भावांना एवढेच सांगणे. घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तपासणी करून घ्या. आजार लपवण्यासाठी खिडकी बंद करू नका. कुणी विचारले तर, स्वतःला पक्की माहिती नसताना, नुसते "घे" म्हणू नका. आम्ही तेच केले होते.

अल्लाह सर्व आजारी बंधू-भगिनींना शिफा देवो. आमीन.